मागच्या दारची चटई

१६ एप्रिल

मला तोंडावर उत्तर देता येत नाही. समोरचा माणूस निघून गेला, मी घरी येऊन हातपाय धुतले, की मग उत्तर सुचतं. तेव्हा ते ऐकायला कोणी नसतं. म्हणून लिहायला बसलो आहे. भिंगांच्या कंपनीने दुकानात दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडून होती.

आज सासूबाई गावी गेल्या. थंडीत ही वारली तेव्हापासून त्या इथे होत्या. मुलांचं सगळं त्यांनी केलं, ते मी नाकारत नाही. पण बसमध्ये चढताना, मागे माणसं खोळंबलेली असताना, पायरीवर उभं राहून त्या म्हणाल्या, "मे संपता संपता येते आणि दोघांना घेऊन जाते. तिकडच्या शाळेत नावं घालू. सकाळ कशीही निघते हो. संध्याकाळी पोरांकडे कोण बघणार? संध्याकाळ तिची होती."

मी म्हणालो, "पाण्याची बाटली घेतली ना?"

म्हणायचं होतं ते हे. संध्याकाळ हिची होती, कबूल. पण त्या संध्याकाळचं मला इत्थंभूत माहीत आहे. मी नऊला दुकान बंद करून यायचो, मुलं झोपलेली असायची, आणि मी जेवत असताना ही सांगायची. मागच्या अंगणात तुतीखाली चटई टाकून तिघं बसायची. आज मुंगळ्यांनी माशीचा पंख ओढत नेला. आज कुंडीखाली बेडूक निघाला. आज छत्रीवाले लवकर आले. छत्रीवाले म्हणजे वटवाघळं. दिवसभर लोकांचे डोळे तपासून आल्यावर ते ऐकताना मला जेवण संपू नये असं वाटायचं. पोस्टात काउंटरवर दिवस काढून ही रोज मुलांना एवढं दाखवायची. ते मीही दाखवू शकतो. आई गेली म्हणून मुलं पार्सलासारखी गावी पाठवायची नसतात.

१८ एप्रिल

मालकांना सांगितलं की यापुढे सकाळी लवकर येईन आणि पाचला निघेन. ते म्हणाले, "गिऱ्हाईक संध्याकाळी येतं." मी काहीच बोललो नाही. माझ्या न बोलण्याचा एवढा एकच फायदा आहे, शेवटी समोरचा कंटाळून हो म्हणतो.

दिवसभर मुलं शेजारच्या शिवणवाल्या काकूंकडे असतात. त्यांना घेऊन आलो, अंगणात पाणी मारलं, चटई टाकली. थोरली आठ वर्षांची आहे, बारक्याला अजून पाच व्हायची आहेत. दोघं चटईच्या कडेला बसली. मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली. मी तिथे मांडी घालून बसलो. तुतीवर साळुंक्या भांडत होत्या, त्या दाखवल्या. मुंगळ्यांची रांग दाखवली. दोघांनी पाहिलं.

थोडा वेळ गेल्यावर थोरली म्हणाली, "बाबा, तुम्ही आडवे नाही होणार?"

मी म्हटलं, "मी दमलेलो नाही."

तिने बारक्याकडे पाहिलं, बारक्याने तिच्याकडे. पहिलाच दिवस होता, म्हणून जरा अवघडलो होतो तिघंही.

२१ एप्रिल

शिवणवाल्या काकूंची खिडकी आमच्या भिंतीवर उघडते. मशीनवर बसल्या बसल्या त्यांना आमचं अख्खं अंगण दिसतं. आज मी मुलांना पाकोळ्या दाखवत होतो तर त्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, "वहिनींची जागा तीच होती, भाऊ. बिचारीला तेवढाच विसावा."

मी मान हलवली. आत गेल्यावर मात्र डोक्यात गेलं. विसावा? दोन लहान मुलं, त्यातला एक बारक्यासारखा, दिसेल ते तोंडात घालणारा. त्यांना घेऊन बसायचं, किडामुंगी शोधायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची, याला विसावा म्हणतात? माणूस गेला की जो तो त्याला 'बिचारा' करून टाकतो. ही बिचारी नव्हती. खिडकीतून दिसतं म्हणजे सगळं कळतं असं नाही.

२५ एप्रिल

हिचे शेवटचे चार दिवस ज्या डॉक्टरांच्या हाताखाली गेले, ते आज चष्म्याची काडी बसवून घ्यायला दुकानात आले. त्यांनी मला ओळखलं. ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "हृदयाची झडप काही एका दिवसात खराब होत नाही. वर्षभर तरी त्या दमत असणार. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का?"

मी स्क्रू पिळत राहिलो. काडी बसली. ते गेले.

डॉक्टर, आता ऐका. ती सकाळी डबे करून पोस्टात जायची. घरी येताना भाजी आणायची. आणि संध्याकाळी बेडूक शोधायची. मला रोज सांगायची, हसून सांगायची. दमलेलं माणूस बेडूक शोधतं का? तुम्ही कागदावर पाहिलीत, मी घरात पाहत होतो. लक्षात यायला काही असावं तर लागतं.

स्क्रू जरा जास्तच पिळला गेला आहे. काडी घट्ट होईल त्यांना. होऊ दे.

२९ एप्रिल

पक्षी आणि कीटकांचं चित्रांचं पुस्तक आणलं. दुकानातून एक जाड भिंगही आणलं. आता रोज काहीतरी ठरवून बघायचं. सोमवारी मुंग्या, मंगळवारी पक्षी, असं. नाहीतर नुसतं इकडेतिकडे पाहणं होतं.

आज गोगलगाय होती. मी पुस्तक उघडून तिला डोळे कुठे असतात ते सांगितलं, शिंगांच्या टोकाला. डोळे हा माझाच विषय, त्यामुळे नीट सांगितलं. बारक्या म्हणाला, "हा गुंड्या आहे."

"गोगलगाय म्हणायचं."

"गोगलगाय आहे, पण गुंड्या आहे. मी नाव ठेवलं. छत्रीवाला पण मीच ठेवलं."

मी म्हटलं, छत्रीवाला हे आईने ठेवलेलं नाव आहे, मी तिच्या तोंडून ऐकलं आहे. तो म्हणाला, "तिला मीच सांगितलं." लहान मुलांना सगळं आपणच केलं असं वाटतं. मी वाद घातला नाही.

थोरलीने विचारलं, "बाबा, उद्या सुट्टी घ्यायची का?" सुट्टीतून सुट्टी. मी नाही म्हणालो.

५ मे

सासूबाईंचा फोन. मुलांशी बोलून झाल्यावर माझ्याशी. "काय हो, सुट्टीत शाळा भरवलीत म्हणे अंगणात? बारक्या म्हणतो, बाबा प्रश्न विचारतात."

"थोडंसं," मी म्हणालो.

"ती कधी शिकवायची नाही हो. ती नुसती त्यांच्याबरोबर असायची."

गावी बसून यांना माहीत. एका बसच्या अंतरावरून लेक काय करायची हे कळतं, आणि एका ताटावर बसून ऐकणाऱ्या नवऱ्याला कळत नाही. पुढे म्हणाल्या, "माझं ठरलेलंच आहे. तुम्ही मनावर घेऊ नका." माझी मुलं घेऊन जाणार, आणि मी मनावर घ्यायचं नाही.

९ मे

दुकानात एक आजोबा आले. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. मला शंका आली म्हणून तक्ता बदलला, तर वरचं मोठं अक्षरही दिसेना. बाकावर वाट बघताना सगळा तक्ता पाठ केला होता त्यांनी. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, "लेकाला वाटतं मला नीट दिसतं. त्याला कशाला काळजी." लेक शेजारीच उभा होता, मोबाइल बघत. मला दोघांचाही राग आला, लेकाचा जास्त. शेजारी उभं राहून कळू नये म्हणजे काय.

घरी आलो तर अंगणात ऊन रेंगाळलेलं. बारक्या भिंग डोळ्याला लावून थोरलीला विचारत होता, "आता बरं दिसतं की आधी?" अगदी माझ्या आवाजात. थोरली म्हणाली, "आधी."

मी दारात होतो. मला हसू आलं, मग आलेलं थांबलं.

१४ मे

आज दोघं अंगणात यायला तयार नव्हती. काकूंच्या कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचं घर करून बसली होती. काकू म्हणाल्या, "राहू दे की भाऊ, खेळतायत." मी बारक्याला टेबलाखालून ओढून काढलं. तो रडला. थोरली न रडता मागून आली, ते जास्त वाईट.

चटईवर बसवलं. पुस्तक उघडलं. कोणी पाहिना. वर पाकोळ्या फिरत होत्या, वारा सुटला होता, इतकी छान संध्याकाळ, आणि दोघं आपापल्या पायांकडे बघत बसलेली. माझा आवाज चढला. आयुष्यात इतका चढला नसेल. मी म्हटलं, मी कोणासाठी करतोय हे? आजी येऊन घेऊन गेली म्हणजे बरं वाटेल का? आई असती तर तुम्ही असं केलं असतं का?

थोरली म्हणाली, "आई असती तर ती झोपली असती."

मी म्हटलं, आईबद्दल खोटं बोलायचं नाही.

ती उठून आत गेली. बारक्या तिच्या मागे गेला. काकूंचं मशीन बंद होतं, म्हणजे त्यांनी ऐकलं. ऐका. भिंत तुमचीही आहे.

१५ मे

आज दुकानात गेलो नाही.

सकाळी थोरलीला विचारलं. नीट विचारलं, आवाज न चढवता. ती भांडी पुसत होती, काम तिने स्वतःच काढलेलं होतं. माझ्याकडे न बघता तिने सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

आई आली की चहा प्यायची आणि चटईवर आडवी व्हायची. लगेच झोप लागायची. आम्ही दोन बाजूंना बसायचो. बारक्याचं काम माश्या हाकलायचं. माझं काम बारक्याला गप्प करायचं. गप्प बसून कंटाळा यायचा म्हणून बघायचो. जे दिसेल ते लक्षात ठेवायचं. आई उठली की म्हणायची, सांगा, काय काय झालं. मग आम्ही सांगायचो. ती सगळं ऐकायची. बेडूक सांगितला तर म्हणाली, कुठे, मला दाखवा, पण तो गेला होता. एकदा बारक्याने तिच्या पायांवर पानं ठेवली, किती तरी ठेवली, तिला कळलंच नाही. अंधार पडला तरी उठली नाही तर आम्ही वाट बघायचो. उठवायचं नाही असं ठरलं होतं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणाली, बाबांना नको सांगूस. ते थकून येतात, उगाच घाबरतील."

नंतर ती ताटली पुसतच राहिली. कोरडी झाल्यावरही. मग म्हणाली, "मी सांगितलं असतं तर डॉक्टरांकडे गेली असती का ती?"

हे पोर एवढे महिने हे घेऊन फिरत होतं. मी बसलो, तिला समोर उभं केलं, आणि मला पहिल्यांदाच समोरच्याला वेळेवर उत्तर देता आलं. मी म्हटलं, "ते बघणं तुझं काम नव्हतं. ते मोठ्यांचं काम होतं. तुला जे काम दिलं होतं ते तू चोख केलंस." तिने विचारलं, "बारक्याने पण?" मी म्हटलं, "त्यानेही." मग ती रडली. तेव्हा कुठे.

१६ मे

मला राग आला आहे, आणि तो हिचाच आला आहे. हे कोणाला सांगायची सोय नाही. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात. कोण म्हणतं त्याला आणा इकडे.

आठ वर्षांच्या पोरीला पहारा द्यायला बसवलंस. तिला सांगितलंस गप्प बस, आणि मला ताट वाढून हसून सांगितलंस, आज छत्रीवाले लवकर आले. तू पाहिलेच नव्हतेस. वर्षभर मी जे ऐकलं ते मुलांनी पाहिलेलं होतं, आणि तू मला ते असं सांगितलंस की मला वाटलं, ही किती मजेत आहे. मी समोर बसून जेवत होतो. मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? नसतंस सांगितलं. पण मी विचारलं नाही हेही आहेच.

दमले आहे, एवढं म्हणायला काय लागत होतं. दोन शब्द.

२२ मे

गेले काही दिवस अंगणात चटई टाकली नाही. पुस्तक कपाटावर ठेवलं. भिंग दुकानात परत नेलं. मुलं काकूंकडे चिंध्यांत खेळतात, मी पायरीवर बसतो. काकूंनी भिंतीवरून विचारलं, "रागावलात का माझ्यावर?" मी म्हटलं, "तुम्हाला दिसत होतं, मग मला सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "वहिनींना विचारलं होतं मी. म्हणाल्या, जरा पडते हो काकू, यांना माहीत आहे."

म्हणजे त्यांनाही गप्प केलंस. तुझं काम एकदम व्यवस्थित होतं.

सासूबाईंनी तीसला येणार असं कळवलं आहे. सोबत मोठी बॅग आणते, मुलांच्या कपड्यांना होईल, असंही. मी "बरं" म्हणालो.

३० मे

बस संध्याकाळची होती, आणायला जाणार होतो. पण दुपारी दुकानात वीज गेली, पंखा नाही, बाकावर गर्दी, त्यात मालकांची कटकट. घरी आलो तेव्हा डोकं भणभणत होतं. पायरीवर बसवेना. चटई दाराआड उभी होती, ती आडवी केली आणि मीही आडवा झालो, पाच मिनिटं म्हणून. पाणी मारलं नव्हतं. काही ठरवलं नव्हतं.

झोप लागली. जाग आली ती कानाजवळच्या कुजबुजीने. डोळे उघडणार होतो, तेवढ्यात चेहऱ्यावर वारा आला. बारक्या वर्तमानपत्राने माश्या हाकलत होता. थोरली त्याला सांगत होती, "नाकाला लावू नकोस." म्हणून मी डोळे मिटूनच राहिलो. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आपापली जागा घेऊन बसली होती.

मग पुढच्या दारातून सासूबाईंचा आवाज. बस लवकर आली असणार. स्टँडवर वाट पाहून स्वतःच आल्या होत्या, आणि ते त्यांच्या पावलांतच ऐकू येत होतं. मागच्या दारापर्यंत आल्या आणि सुरू झाल्या, "शाब्बास. मी तिथे स्टँडवर उभी, आणि इथे झोपा काढ..."

"आजी, हळू," थोरली म्हणाली. "उठवायचं नाही. अजून आमचं बघून व्हायचंय."

"काय बघून व्हायचंय?"

"जे होईल ते. मग उठले की सांगायचं. आईला सांगायचो तसं."

"आईला? म्हणजे आई काय करायची?"

"झोपायची," बारक्या म्हणाला. "रोज."

मी उठायला हवं होतं. त्या बाईला असं कळू द्यायला नको होतं, दारात उभी असताना, हातात बॅग घेऊन. पण मी उठलो नाही. बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, मला ओळखू न येणाऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "रोज?"

"हो. तू बस ना. इथे नको, तिथून मुंग्या जातात."

त्या बसल्या. गुडघ्यांतून कटकन वाजलं. मला फोनवर एवढं ऐकवणारी बाई, आता चार वर्षांचा पोरगा बोटाने दाखवेल तिथे बसली. मी डोळे उघडले नाहीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. पाकोळ्यांचा कलकलाट ऐकू येत होता, काकूंचं मशीन चालू होतं, थांबत होतं. तुतीचं एखादं फळ पडलं की टप्प व्हायचं आणि बारक्या दर वेळी श्वास रोखायचा.

शेवटी पाठ अवघडली, म्हणून मी उठून बसलो. सासूबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. डोळे बघणं हा माझा धंदा आहे, पण ते आज करायचं नव्हतं. मी मुलांना म्हटलं, "सांगा. काय काय झालं?"

दोघं एकदम सुटली. साळुंकीने तुती उचलली आणि तिला ती पेलेना, म्हणून भिंतीवर आपटत बसली. एका मुंगळ्याने दुसऱ्या मुंगळ्याला उचलून नेलं, तो मेलेला होता की झोपलेला, यावर त्यांचं एकमत झालं नाही. एक ढग बुटासारखा होता, मग नव्हता. गुंड्या आला नाही. बाबा एकदा घोरले. माझं ते काहीच बघून झालेलं नव्हतं, त्यामुळे मला सगळंच नवीन होतं.

बारक्या म्हणाला, "आता आजीचं."

"माझं काय? मला चष्मा काढल्यावर काही दिसत नाही रे."

"एक तरी सांगावंच लागतं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. विचार केला. म्हणाल्या, "एक मुंगी माझ्या पायावर चढली. अंगठ्यावरून घोट्यापर्यंत गेली. मी हलले नाही."

"चावली?"

"नाही चावली. उतरून गेली."

थोरलीने ते मान्य केलं. मग दोघं तुतीखाली पळाली, खाली पडलेली फळं वेचायला. आम्ही दोघं चटईवर राहिलो, मध्ये एका माणसाची जागा. सासूबाई रागाने म्हणाल्या, कोणावर ते मला कळलं, कारण तो राग माझ्याकडेही आहे, "मला पण म्हणायची, सगळं मजेत आहे आई."

"मलाही," मी म्हणालो.

त्या समोर बघत राहिल्या. बारक्याचं तोंड जांभळं झालं होतं, सदराही. त्यांनी त्याला हाक मारून ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्याकडे न वळता विचारलं, "इथली शाळा कधी उघडते हो?"

मी तारीख सांगितली.

"मग तोवर राहते मी," त्या म्हणाल्या. "आणि ही चटई बदला. काड्या टोचतात."